केबलचा दर मी कसा उतरवला

१४ सप्टेंबर १९९३, मंगळवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. पुढेमागे कुणी आमच्या टॅनर्स नॉच गावाचा इतिहास लिहायला घेतलाच तर उपयोगी पडेल, पण सध्या फक्त माझ्यासाठी.

संध्याकाळी कौन्सिलची मीटिंग. नवा कायदा आलाय. केबल टीव्हीचं जे सगळ्यात छोटं पॅकेज असतं, म्हणजे बातम्या, हवामान आणि चारदोन जुनी स्टेशनं, त्याच्या दरावर आता गावाला लगाम घालता येईल. वॉशिंग्टनला अर्ज करायचा, परवानगी आणायची, मग कंपनीला म्हणायचं, दाखवा हिशेब. अध्यक्षा लोइस ग्रूबरबाईंनी विचारलं, हे काम कोण घेणार? सगळे छताकडे बघायला लागले. मी बुटाची नाडी बांधायला टेबलाखाली वाकलो होतो. वर येतो तर टाळ्या. केबल समितीचा प्रमुख क्लेमेंट हुडाक, म्हणजे मी. समितीचा सदस्यही मीच.

नेतृत्व मागून मिळत नाही. चालून येतं.

घरी येऊन व्हर्नाला सांगितलं. बायको असून अभिनंदन नाही. म्हणाली, "नाडी? तुझ्या बुटांना नाडी आहे कुठे?"

१६ सप्टेंबर, गुरुवार

आमचं गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात. छपरावर अँटेना लावून इथे आजवर कुणाला काही दिसलेलं नाही. केबल नसेल तर टीव्ही म्हणजे फुलदाणी ठेवायचं टेबल. त्यामुळे लँटर्न केबल कंपनी म्हणेल ती पूर्व दिशा. माझ्याकडे मोठं पॅकेज आहे. त्याचं बिल दरवर्षी फुगतंय. आता बघतोच.

घाबरण्याचा प्रश्नच येत नाही. तीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना गाडी शिकवली. शाळेच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. व्हर्ना म्हणते, गाडी उभी असतानाही मी तो दाबून धरायचो. ती शिस्त.

संध्याकाळी. कंपनीच्या इथल्या ऑफिसची मॅनेजर कोण ते आज कळलं. ट्रूडी बेंडिक. निम्मी कॉफी बशीत सांडली.

हिला मी ड्रायव्हिंगमध्ये दोनदा नापास केलंय. गाडी मागे घेताना फायर ब्रिगेडचं दार ठोकलं. दुसऱ्या वेळी तेच दार, दुसरी बाजू. रडली नव्हती. नुसती माझ्याकडे बघत राहिली होती. ती नजर मी विसरलो नाही, मग ती तरी कशी विसरेल?

१८ सप्टेंबर, शनिवार

गावाचे वकील एमरिस प्रॉबर्ट यांच्याकडे गेलो. म्हातारा चांगला आहे, पण लढवय्या नाही. म्हणाला, "क्लेम, अर्ज पाठवायच्या आधी ट्रूडीकडे जा. कॉफी घे. छोटं पॅकेज काय भावात बसतं ते विचार. एकदा अर्ज गेला की मग वॉशिंग्टनचं गणित लागू होतं, आणि गणिताला दयामाया नसते."

शत्रूच्या गोटात जाऊन कॉफी! मी नुसता हसलो.

डावपेच ठरले. निकालापर्यंत ट्रूडी बेंडिकशी कसलाही संपर्क नाही. भीती म्हणून नव्हे. तटस्थपणा म्हणून.

२० सप्टेंबर, सोमवार

समोरच्या घरातल्या वास्कोबाई आल्या होत्या. टेक्ला वास्को. नवरा कोळशाच्या खाणीत फुप्फुसं घालवून गेला, बाईंचे गुडघे पायऱ्यांवर गेले. आता खिडकीजवळची खुर्ची आणि टीव्ही एवढंच जग. अक्रोडाचं सारण भरलेला गोड रोल घेऊन आल्या. म्हणाल्या, "क्लेमेंट, तू केबलचं बघतोयस म्हणे. माझं छोटं पॅकेज आहे. माझ्या पेन्शनीत बरोब्बर बसतं. त्याला धक्का लागू देऊ नकोस हं."

मी उभा राहून म्हटलं, "धक्का? बाई, दर मी खाली आणतो की नाही बघा. क्लेमेंट हुडाकचा शब्द."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बरं वाटलं. रोल अप्रतिम.

२२ सप्टेंबर, बुधवार

फोन. व्हर्नाने उचलला, रिसीव्हरवर हात न ठेवता मोठ्यांदा म्हणाली, "ट्रूडी बेंडिक आहे, तुला विचारतेय."

मी खुणेने सांगितलं, नाही म्हणून. व्हर्ना फोनमध्ये म्हणाली, "तो म्हणतोय तो घरी नाही."

या बाईबरोबर बत्तीस वर्षं काढली.

सुरुवात झालीच तर. आधी फोन, मग काय काय करतात देव जाणे. मागच्या दाराला दुसरी कडी बसवली.

२५ सप्टेंबर, शनिवार

आज कसोटीचा दिवस. अक्षर वाकडं आलंय ते पेनमुळे.

व्हर्ना बाजारात. मी बाहेरच्या खोलीत. पांढरी व्हॅन येऊन थेट दारात थांबली, बाजूला कंदील रंगवलेला. कंपनीची! ट्रूडी उतरली. एकटीच, पण व्हॅनमध्ये आणखी किती माणसं मावतात ते मला माहीत आहे. परिस्थितीचा अंदाज घेण्यासाठी मी सोफ्यामागे जमिनीवर आडवा झालो.

तिने बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग टपाल टाकायच्या फटीतून आवाज आला, "मिस्टर हुडाक, पाच मिनिटं द्या. ही गोष्ट फोनवर बोलता येत नाही. आणि लिहून तर मुळीच देता येत नाही."

 पुरावा मागे ठेवायचा नसतो तेव्हाच माणसं असं बोलतात.

ती गेल्यावरही बराच वेळ तसाच पडून राहिलो. सोफ्याखाली माझा हरवलेला चष्मा सापडला. धीर धरला की फायदाच होतो.

२८ सप्टेंबर, मंगळवार

मार्केटमध्ये गाठलंच तिने. मी आइस्क्रीमच्या कपाटापाशी. टोकाला तिचा लाल कोट दिसला. मी सामानाचा गाडा तिथेच सोडला आणि शांतपणे मटणवाल्याच्या काउंटरमागून, शीतगृहातून, मालाच्या दाराने बाहेर पडलो. शांतपणेच, पण जरा वेगाने. मटणवाला ओरडत होता, "अहो, इकडून रस्ता नाही!" त्याच्याही मागून ट्रूडीचा आवाज, "मिस्टर हुडाक, तो अर्ज पाठवू नका! ऐका माझं, नका पाठवू!"

भरबाजारात धमकी. साक्षीदारांसमोर. आता माघार घेतली तर गावाला तोंड कसं दाखवू?

व्हर्नाला सांगितलं. ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "ट्रूडी मला भली मुलगी वाटते. वास्कोबाईंची वायर उंदरांनी कुरतडली तेव्हा स्वतः येऊन जोडून गेली, पैसे घेतले नाहीत. तिचं म्हणणं तरी ऐक."

बायकांना राजकारण कळत नाही. पण हे शेजारच्या खोलीत जाऊन म्हणालो.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

अर्ज पोस्टात टाकला. पेटीत हात घातला तेव्हा छाती धडधडत होती. अभिमानाने. पाकीट सोडल्यावर वाटलं, परत काढता येईल का? हात मनगटाशी अडकला. पोस्टमास्तरने येऊन सोडवला.

झालं एकदाचं. आता ती आली तरी काय करणार?

त्यानंतर ती आलीच नाही. फोनही नाही. हे जास्त भयंकर.

२३ ऑक्टोबर, शनिवार

आमचे फिलीज बेसबॉलची वर्ल्ड सिरीज खेळतायत, अख्खं गाव टीव्हीला चिकटलंय, आणि ऐन खेळात माझ्या पडद्यावर मुंग्या. फक्त माझ्या! खिडकीतून वास्कोबाईंकडे बघितलं, त्यांचा स्वच्छ. निवडून मला लक्ष्य करतायत.

भिंतीला पाठ लावून बसलो. व्हर्ना आली, माझी आरामखुर्ची उचलून बाजूला केली. खुर्चीचा पाय वायरीवर होता. चित्र आलं.

आपण सामना हरलो. त्यात मात्र कंपनीचा हात नसावा.

९ नोव्हेंबर, मंगळवार

वॉशिंग्टनची परवानगी आली! मीटिंगमध्ये ठराव झाला. कंपनीला नोटीस गेली, छोट्या पॅकेजचा हिशेब सादर करा. ग्रूबरबाई म्हणाल्या, क्लेम, तुझ्यात हे असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मलाही. म्हणजे, मलाही तसं बऱ्याच जणांनी सांगितलं.

घरी येताना रस्त्यात लँटर्नची व्हॅन दिसली. सहज म्हणून डोंगराच्या रस्त्याने वळसा घालून आलो. हवा छान होती.

६ डिसेंबर, सोमवार

कंपनीचं उत्तर आलं. विटेएवढं जाड. प्रॉबर्टच्या ऑफिसात बसलो. त्याने बराच वेळ वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर बघतात.

म्हणाला, "क्लेम, वॉशिंग्टनच्या सूत्रात प्रत्येक चॅनलला एकच भाव. छोट्या पॅकेजमधलं असो की मोठ्या. इथे छोटं पॅकेज फार स्वस्त ठेवलेलं होतं आणि मोठं महाग. आता सारखं करायचं म्हणजे मोठं उतरणार."

मी म्हटलं, वा!

"आणि छोटं चढणार. कायद्याने. कंपनीने मागितलं नव्हतं, आपण मागितलं म्हणून."

मी विचारलं, म्हणजे माझं बिल?

"तुझं कमी होईल."

आणि वास्कोबाईंचं?

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी येऊन ताप मोजला. ताप नाही. थर्मामीटर बिघडलाय.

८ डिसेंबर, बुधवार

प्रॉबर्टला फोन केला. अर्ज मागे घेता येईल का? म्हणाला, तू घे, पण हिशेब आता वरच्यांच्या टेबलावर गेलाय. पिट्सबर्गच्या मुख्य ऑफिसला आजवर या दरीकडे बघायला फुरसत नव्हती. आता बघितलंय. ते थोडेच सोडणार?

मग म्हणाला, "सप्टेंबरात ट्रूडीला भेटला होतास ना?"

मी म्हटलं, आमच्यात चर्चा झाली. एका अर्थी झालीच होती. ती बोलली, मी ऐकलं.

फोन ठेवला. म्हणजे फटीतून ती जे सांगणार होती...

नाही. तसं नसावं. असं असतं तर स्पष्ट नसतं सांगितलं?

१३ डिसेंबर, सोमवार

उद्या जाहीर सुनावणी. आजार कोणता घ्यावा यावर विचार केला. घसा उत्तम, पण व्हर्ना तोंड उघडायला लावते. पाठ लंगडी सबब. व्हर्ना इस्त्री करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शर्ट केलाय. टाय वर ठेवलाय. वास्कोबाईंना मी हात धरून घेऊन जाणार आहे, त्यांना तुझं भाषण ऐकायचंय."

भाषण तयार होतं. 'दर खाली आणला' असं दहा ठिकाणी लिहिलं होतं. बसून सगळीकडे 'दर न्याय्य केला' असं केलं. वाचायला भारदस्त वाटतं.

१४ डिसेंबर, मंगळवार

संपलं.

फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये अख्खं गाव. मागे पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, विकायला ठेवलेल्या, लोक खात खात बसलेले. पुढच्या रांगेत वास्कोबाई, चर्चची टोपी घालून. कंपनीचा पिट्सबर्गचा वकील, बारीक, सभ्य, हसरा. त्याच्या शेजारी ट्रूडी. मी तिच्याकडे बघितलं नाही. एकदाही. पण ती माझ्याकडे बघत नव्हती एवढं बघितलं.

भाषण सुरू केलं. पहिल्याच वाक्याला आवाज फुटेना. कुणीतरी पाणी दिलं, ते टायवर सांडलं. शेवटी कागद प्रॉबर्टला दिला, त्याने कोरड्या आवाजात आकडे वाचले. मोठं उतरणार, छोटं चढणार.  मग हलकल्लोळ. बेकरीवाला कोवाच उठून ओरडला, "हे करा म्हणून सांगितलं कुणी? बरं चाललं होतं ना आमचं!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढी माणसं एकदम आपल्याकडे बघतात तेव्हा कान बधिर होतात. पाय आपोआप खाली दाबला गेला. फरशीला ब्रेक नसतो.

ग्रूबरबाईंनी विचारलं, "मिस बेंडिक, असं होणार हे तुम्हाला माहीत होतं? कौन्सिलला आधी कल्पना दिली होतीत?"

 एक वाक्य. एका वाक्यात ती मला गाडू शकत होती. फोन, सोफा, आइस्क्रीम, सगळं. तिने शेजारच्या वकिलाकडे बघितलं, मग हातांकडे. म्हणाली, "नाही. माझ्याकडून राहिलं. चूक माझी."

घाबरली मला. दबदबा असतो तो असा.

मतदान. कायद्यापुढे इलाज नव्हता. माझा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. वास्कोबाईंनी मफलर गुंडाळला, व्हर्नाचा हात धरला आणि हळूहळू निघाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, पुढे. बाहेर माझ्या गाडीमागे कंदिलाची व्हॅन आडवी. पळायला जागा नाही. ट्रूडी टेकून उभी. मी म्हटलं, हे बघ, माझी बायको येतेय.

ती म्हणाली, "मिस्टर हुडाक, घाबरू नका. व्हॅन काढतेच. एकच सांगते, मनात राहिलंय म्हणून. या गावात निम्म्या घरांत म्हातारी माणसं. मी वर्षानुवर्षं छोट्या पॅकेजला हात लावू दिला नाही. वाढ आली की मोठ्यावर टाकायची. तुमच्यासारख्यांवर. पिट्सबर्गला नुसती बेरीज दिसायची. आत काय आहे ते कुणी विचारत नव्हतं, तोवर चालून गेलं. तुम्ही विचारलंत."

मी म्हटलं, मग सांगायचं नाही का!

"सांगायला घरी आले होते. सोफ्यामागून तुमचे मोजे दिसत होते. हिरवे."

मी पायांकडे बघितलं. म्हटलं, आत्ता सगळ्यांपुढे का नाही बोललीस?

"वकील शेजारी बसला होता. नोकरी आहे माझी. होती म्हणा. आणि तुम्ही असे दिसत होतात, की वाटलं, इथेच कोसळाल."

मग मी विचारलं. कसं विचारलं कुणास ठाऊक. म्हटलं, मला वाटलं तू सूड घ्यायला येतेयस. दोनदा नापास केलं होतं मी तुला. ते दार.

ती म्हणाली, "ते तुम्ही होतात? मी इतकी वर्षं समजत होते ते दुसरे शिक्षक, मिस्टर गारिस होते."

आणि व्हॅन मागे घेतली. सफाईने. एका दमात.

२२ डिसेंबर, बुधवार

लँटर्नचं इथलं ऑफिस नव्या वर्षात बंद. आता तक्रार असली तर पिट्सबर्गला फोन. ट्रूडीला ओहायोत पाठवतायत, खालच्या जागेवर. व्हर्ना केक घेऊन तिला भेटून आली. मला म्हणाली, चल. मी म्हटलं, मला जरा पत्र लिहायचंय तिला, सविस्तर. तोंडी बोलण्यात काही गोष्टी राहून जातात.

पत्र सुरू केलंय. 'प्रिय ट्रूडी' इथपर्यंत चांगलं झालंय.

४ जानेवारी १९९४, मंगळवार

कौन्सिलचा राजीनामा दिला. वाटलं होतं आग्रह होईल, दोन पावलं मागे यावं लागेल, त्यासाठी चार शब्द तयार ठेवले होते. ग्रूबरबाई म्हणाल्या, मंजूर, आणि बर्फ उपसायच्या गाडीचा विषय सुरू केला. मी थोडा वेळ बसूनच राहिलो. मग कुणीतरी सांगितलं की ती खुर्ची आता लागणार आहे.

नवं बिल आलं. माझं खरंच उतरलं.

७ जानेवारी, शुक्रवार

वास्कोबाईंनी केबल तोडली. स्वतः फोन करून. व्हर्नाने सांगितलं आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

वाढीव दर मी भरतो असं सांगायला गेलो. रस्ता ओलांडायला सकाळचे अकरा वाजले. नऊला निघालो होतो. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं. म्हणाल्या, "क्लेमेंट, माझा नवरा गेला तेव्हासुद्धा मी कुणापुढे हात पसरला नाही. आत ये, चहा पी. पण ते पैसे खिशात ठेव."

चहा प्यालो. टीव्हीवर कापड टाकलं होतं. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, रविवार सकाळची चर्चची प्रार्थना टीव्हीवर दाखवतात, तेवढी चुकते आता. गुडघ्यांमुळे चर्चच्या पायऱ्या बंद झाल्याला किती वर्षं झाली ते त्यांना आठवेना. म्हणाल्या, जुन्या अँटेनावर काही येईल का रे? नवऱ्याचा एक तळघरात पडलाय.

मी म्हटलं, येईल की! का नाही येणार?

९ जानेवारी, रविवार

अँटेना चढवला. छपरापर्यंत नव्हे. शिडीवर बर्फ होता, आणि तिसऱ्या पायरीवरून जग फार वेगळं दिसतं. व्हर्नाने खालून शिडी धरली होती, तरी मी डोळे मिटूनच दाराजवळच्या खांबाला तो बांधला. उतरताना पाय सापडेनात. व्हर्नाने एकेक धरून पायरीवर ठेवला.  

आत वास्कोबाई टोपी घालून बसल्या होत्या. टीव्ही लावला. मुंग्या. नुसत्या मुंग्या आणि सूंऽऽ आवाज. डोंगर आहेत ते आहेतच. मी बटणं फिरवली. अँटेनाची वायर हातात धरून एका पायावर उभा राहिलो. खिडकीत उभा राहिलो. मुंग्या.

सांगायला तोंड उघडलं, की बाई, इथे काही दिसणार नाही, मला तेव्हाच माहीत होतं.

तेवढ्यात त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "थांब, थांब. हलू नकोस. ते बघ. फादर ना ते? पांढरा झगा दिसतोय."

मी बघितलं. काही नव्हतं.

म्हटलं, हो. फादरच.

त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. मी वायर धरून तसाच उभा राहिलो. प्रार्थना संपायला बराच वेळ लागला.